मान्ना थांबला त्या दिवशी

प्रिय बयो,



तुझं पत्र मिळालं. जावयांची कंपनी बंद पडली, घराचा हप्ता पाच तारखेला कापला जातो आणि छकुली अजून जेमतेम वर्षाची. हे सगळं लिहून झाल्यावर शेवटी तू विचारलंस, ‘‘मावशी, रोज प्रार्थना करते, पण मनाला खात्री वाटत नाही. माझा विश्वासच कमी आहे का?’’ हप्त्याचं नंतर बोलू. आधी हा प्रश्न, कारण पैशापेक्षा तोच तुला जास्त पोखरतो आहे असं मला वाटतं.

मार्काच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात एक बाप येतो. मुलाला लहानपणापासून झटके येतात. कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. शिष्यांनी प्रयत्न केला, जमलं नाही. हा थकलेला बाप येशूला सांगतो की माझा विश्वास आहे, पण जिथे तो कमी पडतो तिथे तूच हात दे. येशूनं त्याला ‘आधी विश्वास पुरा करून ये’ म्हणून परत पाठवलं नाही. मुलाला बरं केलं, हाताला धरून उभं केलं. बयो, तुझ्या प्रार्थनेत आणि त्या बापाच्या प्रार्थनेत मला काही फरक दिसत नाही. आणि गेथशेमाने बागेतली रात्र आठव. आपला प्रभू स्वतः कासावीस झाला होता, हा प्याला टळावा म्हणून त्यानं पुन्हापुन्हा विनवणी केली. भीती वाटणं हाच अविश्वास असता, तर ती रात्र चारचौघांना वाचायला लिहून ठेवली नसती.

तुझ्या मनात ही शंका आली कुठून, त्याचाही मी विचार केला. आपल्या प्रार्थनासभांमध्ये साक्ष होते ती नोकरी लागल्याची, व्हिसा आल्याची, गाठ विरघळल्याची. त्या आनंदात मीही मनापासून सामील होते. पण ज्यांनी तितक्याच कळकळीनं मागितलं आणि तरी घरचं माणूस गेलं, ते मागच्या बाकावर गप्प बसलेले असतात. साक्षीला पुढे बोलावतं कोण त्यांना? वर्षानुवर्षं एकाच बाजूच्या साक्षी ऐकून मनात हिशेब पक्का होतो, की मिळालं म्हणजे विश्वास होता, आणि नाही मिळालं म्हणजे नव्हता. हा हिशेब पवित्र शास्त्रातला नाही. पौलानं आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला. हबक्कूक संदेष्टा तर आपल्या पुस्तकाच्या शेवटी अंजीर, द्राक्षं, जैतून, शेतं, मेंढवाडा, गोठा असं एकेकाचं नाव घेऊन सगळं गेलं तर काय, ते सांगतो आणि त्याच दमात परमेश्वराची स्तुती करतो. आपल्या दुष्काळी नगर भागातल्या माणसाला त्यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. माझ्या मते विश्वासाची साक्ष म्हणावी ती ही.

आता मान्न्याची गोष्ट. रविवारच्या शाळेत तू ती पाठ केली होतीस. मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांना सकाळी दव उडून गेलं की रानात जमिनीवर बारीक खवल्यांसारखं अन्न पडलेलं दिसायचं. माणशी ओमरचं एक माप गोळा करायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. ठेवलं त्याच्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायचं, आणि ते टिकायचं. म्हणजे साठवणच मुळी पाप, असं देव सांगत नव्हता. उद्याची भीती पोटाशी धरून आजचं अन्न नासवू नका, हे तो शिकवत होता, आणि रोज सकाळी वाकून वेचायला लावत होता. कुणाच्या तोंडात आपोआप घास पडला नाही.

पण या गोष्टीचा शेवट आपण मुलांना क्वचितच सांगतो. तो यहोशवाच्या पाचव्या अध्यायात आहे. चाळीस वर्षांनी लोक यार्देन ओलांडून कनानात आले, वल्हांडण सण पाळला, त्या देशाचं धान्य भाजून खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी मान्ना बंद झाला. कायमचा. कल्पना कर, रानात जन्मलेल्या बाईला जन्मापासून रोजच्या मान्न्याचीच सवय होती. सकाळी ती भांडं घेऊन बाहेर आली असेल, तर समोर नुसती माती. देवानं हात आखडता घेतला, असंच तिला वाटलं असणार. खरं तर देणारा तोच होता. फक्त आता देणं त्या मातीतून यायचं होतं, नांगरून, पेरून, पावसाची वाट पाहून. जावयांचा पगार थांबल्यावर तुला जे वाटतंय ते या बाईपेक्षा निराळं नाही. म्हणून मी तुला हे इतकं लांबण लावून लिहिते आहे.

पंडिता रमाबाईंचं नाव तू ऐकलं आहेस, पण त्यांच्या आयुष्यात हाच प्रसंग आला होता हे कदाचित तुझ्या लक्षात नसेल. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं ते अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी दहा वर्षं मदत करण्याचं वचन दिलं होतं त्या बळावर. ही मुदत १८९८ मध्ये संपणार होती. पुढे काय, हा प्रश्न त्यांनी देवापुढे मांडला. आणि मांडून स्वस्थ बसल्या नाहीत. पुण्याच्या पूर्वेला केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणवल्या, फळबाग लावली, म्हणजे उत्पन्नावर संस्था चालावी. बागेला पुरतं फळ धरायच्या आतच १८९६चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच अन्नावाचून गेले होते. उपासमार त्यांना अंगावर ठाऊक होती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन परतल्या. नियमित मदतीची मुदत संपायला आलेली आणि खाणारी तोंडं वाढत चाललेली! पुढच्या काही वर्षांत केडगावच्या या आश्रमात, मुक्तिसदनात, दीड हजाराहून जास्त बायकामुली झाल्या. तिथे प्रार्थना चालायची, तसे माग चालायचे, छापखाना चालायचा, शेती चालायची. रमाबाईंच्या आयुष्यात गुडघे टेकणं आणि विहीर खणणं ही दोन वेगळी कामं कधी नव्हतीच.

त्यांना सगळं मिळालं असं मात्र समजू नकोस. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा पटकीनं गेला होता. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली. ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचं काम त्यांनी सोडलं नाही. ते हातावेगळं करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. मुलगी वाचावी म्हणून त्यांनी प्रार्थना केली नसेल का? कोणती आई करणार नाही? त्यांचा विश्वास कमी होता, असं म्हणायची माझी तरी जीभ रेटत नाही.

एक गोष्ट जावयांनाही वाचून दाखव. देवावर भार टाकला असं घरातलं एक माणूस म्हणतं, तेव्हा पुष्कळदा तो भार प्रत्यक्षात दुसऱ्याच्या चुलीवर येऊन पडतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला हे वारंवार जाणवतं. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांचा हात सढळ, पैसा हाती टिकत नसे. घर चालवायच्या त्या लक्ष्मीबाई. टिळकांबद्दल मला अपार आदर आहे, त्यांच्या भजनांशिवाय माझा रविवार होत नाही. पण तुमच्या घरात विश्वासही दोघांचा असू दे आणि हिशेबाची वहीही दोघांची. रात्री प्रार्थनेच्या आधी ती उघडा.

आणि बँकेत जा, दोघं मिळून. हप्ता थकण्याच्या आधीच शाखेत जाऊन अडचण सांगा, मुदत वाढवून हप्ता कमी होतो का विचारा. यात देवावर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही. पाळकसाहेबांनाही कळू दे. मंडळीला सांगायची लाज वाटते हे मला समजतं, पण प्रेषितांची कृत्ये वाचलीस तर पहिल्या मंडळीत कुणी गरजवंत राहिला नव्हता, कारण ज्याची जशी गरज तसं वाटून दिलं जायचं; आणि गरज कळल्याशिवाय वाटणार कसं? माझ्या पेन्शनीतून छकुलीचं दूध आणि डॉक्टर मी बघणार आहे. त्यावर वाद घालायचा नाही.

उलट टपाली तीन गोष्टी कळव : हप्ता नेमका किती, शिल्लक किती महिने पुरेल, आणि जावयांची नव्या नोकरीसाठी मुलाखत ठरली असेल तर कोणत्या तारखेला. मी पहाटे प्रार्थनेला बसते तेव्हा तुमची नावं घेतेच. आता आकडे आणि तारखाही घेईन.

छकुलीला गोड पापा. जावयांना सलाम.

तुझी,
मावशी