लांडग्याची अपकीर्ती

मराठी भाषेने लांडग्याला कधी फारशा मायेने वागवलेले नाही. अनेकांनी मिळून एकावर तुटून पडणे, याला ती ‘लांडगेतोड’ म्हणते. खादाड भीमाला महाभारताने दिलेले ‘वृकोदर’ हे नावही लांडग्याच्याच पोटावरून आलेले. नागाला पंचमी आहे, हत्तीचे मस्तक गणपतीला लाभले आहे, वाघाला ‘वाघोबा’ म्हणून शेंदूर मिळाला आहे. लांडग्याच्या वाट्याला मात्र शिव्या आणि काठी.

मृत्यूंचा हिशेब मांडला, की हा क्रम चमत्कारिक वाटू लागतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. हत्तींमुळे दरवर्षी सुमारे ५०० माणसे प्राणास मुकतात. नॉर्वेतील संशोधकांनी २००२ ते २०२० या काळातील लांडग्यांच्या हल्ल्यांच्या जगभरातील नोंदी एकत्र केल्या, तेव्हा ४८९ माणसे हल्ल्यांत सापडल्याचे आढळले. मृत्यू होते २६. त्यांतही बहुतेक हल्ले पिसाळलेल्या लांडग्यांचे. निरोगी लांडगा माणसाची चाहूल लागताच वाट सोडतो.

परंतु सरासरी कोणाच्या अंगणात निजत नाही. १९९३ ते १९९५ या काळात हजारीबागेत, १९९६ साली पूर्व उत्तर प्रदेशातील प्रतापगड, सुलतानपूर, जौनपूर या जिल्ह्यांत आणि २०२४ साली बहराइचमध्ये लांडग्यांनी मुले उचलली. साप साऱ्या देशभर विखरून मारतो. लांडग्याचे भय मात्र काही मोजक्या गावांवर, काही मोजक्या महिन्यांत एकवटते. तेथील आईला जगाचे आकडे सांगणे हा क्रूरपणाच ठरेल. १९९६च्या त्या दिवसांत माणसेच लांडग्याचे रूप घेतात अशी आवई उठली आणि नुसत्या संशयावरून निरपराध माणसे जमावाच्या हाती सापडली. भयाचे बळी लांडग्याच्या नोंदीत येत नाहीत.

त्या हल्ल्यांचा अभ्यास करणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. लांडग्याचे नैसर्गिक भक्ष्य नाहीसे झाले होते. शेळ्यामेंढ्या मोलाच्या म्हणून त्यांची राखण चोख होती. राखणीवाचून उरले होते ते दरिद्री घरांतले मूल. बहराइचमध्येही कित्येक घरांना दारे नव्हती. वाड्यातल्या माणसाला जो लांडगा केवळ गोष्टीत भेटतो, तोच उघड्या ओसरीवर निजलेल्या पोराला खरोखर भेटतो. धोका श्वापदाच्या दातांत जितका असतो, तितकाच न लाभलेल्या कवाडातही असतो.

भारतात आता सुमारे ३,१०० लांडगे उरले असावेत, असा २०२२ सालचा अंदाज आहे. म्हणजे वाघांहूनही कमी. उजाड माळ म्हणून ज्याची नोंद होते, तेच त्यांचे घर. ते नांगरले जाते, विकले जाते, त्यावर कारखाने उभे राहतात. लांडगा निघून गेला, तरी दार नसलेले घर तसेच राहील आणि रात्री तेथे सापही येतो.