दिव्यामागची तार

सर्व्हरला पडदा नसतो, कीबोर्ड नसतो. नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यातल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीचा माणूस रॅकच्या ओळीतून फेरी मारतो, तेव्हा समोरच्या यंत्राचा हालहवाल त्याला कळतो तो फ्रंट पॅनलवरच्या चार-सहा दिव्यांवरून. हिरवा लागलाय, म्हणजे वीज आहे. डिस्कचा लुकलुकतोय, म्हणजे काम चालू आहे. लाल नाही, म्हणजे पुढे चला. एवढ्या भरवशावर तो ओळीमागून ओळ मागे टाकत जातो. हा भरवसा ज्या तारांवर उभा आहे, त्या तारा जोडणं हे माझं काम. सर्व्हर बांधण्याच्या कामात हा भाग सगळ्यात शेवटी येतो आणि बहुतेक ठिकाणी घाईत उरकला जातो. मला मात्र तो सगळ्यात जबाबदारीचा वाटतो.

बोर्ड आणि कॅबिनेट एकाच घरचं असेल तर फारसं काही करावं लागत नाही. सुपरमायक्रोच्या कॅबिनेटमधून १६ पिनांची रिबन केबल येते. तिच्या एका कडेला रंगीत रेघ असते. ती रेघ बोर्डावरच्या पिन क्रमांक १ कडे ठेवून केबल दाबली की झालं. खरं काम सुरू होतं ते एकाचा बोर्ड दुसऱ्याच्या कॅबिनेटमध्ये बसवायची वेळ येते तेव्हा. जुन्या, दणकट कॅबिनेटमध्ये नवा बोर्ड घालून हवा असलेली मंडळी आपल्याकडे भरपूर आहेत: छोट्या प्रयोगशाळा, छापखाने, स्टुडिओ. अशा वेळी पॅनलच्या तारा एकेक करून हातात येतात आणि प्रत्येकीला तिचं घर शोधून द्यावं लागतं.

डेस्कटॉपवर हे घर बहुतेक ठिकाणी सारखं असतं. इंटेलने रूढ केलेली ती दोन ओळींची रचना: दहाव्या जागेची पिन काढून टाकलेली, म्हणजे उलटं बसायला नको, १ आणि ३ वर डिस्कचा दिवा, २ आणि ४ वर विजेचा, ५-७ वर रीसेट, ६-८ वर पॉवरचं बटण. सर्व्हरच्या बोर्डावर हा पाठांतराचा आधार सुटतो. सुपरमायक्रोच्या ‘जेएफ१’ या पिनांच्या गटात १-२ वर पॉवर बटण, ३-४ वर रीसेट, मग वीजपुरवठा बिघडल्याचा दिवा, मग तापमान आणि पंख्याचा, पुढे दोन नेटवर्कचे, १३-१४ वर डिस्कचा, १५-१६ वर विजेचा असा क्रम लागतो. अगदी टोकाला, १९-२० वर, एनएमआय असतं. तिथे बटण लावून ते दाबलं तर चालती प्रणाली जागीच थांबते. बिघाडाच्या क्षणाचं स्मृतिचित्र काढायला तज्ज्ञ ते वापरतात. रीसेटची जोडी चुकून त्या टोकाला बसली, तर बटणावर एक नाव आणि हातून घडतं भलतंच. म्हणून बोर्डाच्या मॅन्युअलमधलं पिनांचं पान समोर उघडं असल्याशिवाय मी पहिली तार हातात घेत नाही.

दुसरी अडचण जास्त खोलातली आहे. एलईडीला दोन पाय. एक धन, एक ऋण. काही पॅनलांमध्ये सगळ्या दिव्यांचे ऋण पाय आतल्या आत एकत्र बांधलेले असतात आणि बोर्डाने प्रत्येक धन पायाला वेगळी वीज द्यावी अशी अपेक्षा असते. जेएफ१ सारख्या रचनेत उलट आहे. तिथे ३.३ व्होल्ट कायम हजर असतात आणि बोर्ड दिव्याची ऋण बाजू जमिनीकडे खेचून तो लावतो. या दोन पद्धती तारा इकडच्या तिकडे करून जुळत नाहीत. पॅनलची छोटी पट्टी बाहेर काढावी लागते, एकत्र बांधलेला माग कापावा लागतो, प्रत्येक दिव्याला स्वतःच्या दोन तारा सोल्डर करून द्याव्या लागतात, हीट श्रिंक चढवावी लागते, टोकाला फीमेल बर्ग कनेक्टर क्रिम्प करावा लागतो. रंगही पाहावा लागतो. लाल एलईडी सुमारे २ व्होल्टवर पेटतो, निळ्याला जवळपास ३ लागतात. ३.३ व्होल्टच्या रेषेवर लालच्या जागी निळा बसवला, तर तो इतका मंद लागतो की ट्यूबलाइटच्या उजेडात दिसतच नाही.

हे सगळं निस्तरून बटण दाबलं, की हिरवा लागतो, डिस्कचा लुकलुकतो आणि हाताखालचा मुलगा विचारतो, “दादा, दिवे लागले सगळे, झाकण लावू का?”

इथेच थांबायचं असतं. जे लागले ते सुखाचे दिवे. हिरवा दिवा उलटा जोडला गेला तर तो लागत नाही, लगेच लक्षात येतं, बर्ग फिरवून बसवला की काम संपतं. लाल दिवा उलटा जोडला गेला तरीही लागत नाही, आणि लाल दिवा न लागणं म्हणजे तर सगळं ठीक! हिरव्याची चूक पहिल्या मिनिटाला उघडी पडते. लालची चूक पंखा बंद पडून प्रोसेसर तापेल त्या दिवसापर्यंत झाकलेली राहते. त्या दिवशीही ती कोणी चूक म्हणून ओळखत नाही, कारण दिवा तेव्हाही विझलेलाच असतो. ज्या दिव्याचं काम सगळ्यात मोठं, त्याचीच तार सगळ्यात कमी तपासली जाते. या धंद्यातला हा मूळ धोका आहे.

याची सगळ्यात मोठी साक्ष संगणकाच्या जगाबाहेरची आहे. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि बंद होताना अडकली. नियंत्रण कक्षात त्या झडपेसाठी एक दिवा होता. पण झडप खरोखर कुठे आहे हे तो सांगत नव्हता. झडपेला ‘बंद हो’ असा विद्युत संदेश गेला, एवढंच तो सांगत होता. संदेश गेला होता, म्हणून दिवा विझला. माणसांनी झडप बंद झाली असं मानलं. दोन तासांहून अधिक काळ त्या वाटेने शीतक पाणी निसटत राहिलं आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला. अपघाताची इतरही कारणं होती, पण तो दिवा नीट काम करत होता ही गोष्ट मला विसरता येत नाही. तार तुटलेली नव्हती, बल्ब गेलेला नव्हता. त्याला जोडलेलं होतं ते आज्ञेला. जोडायला हवं होतं पुराव्याला.

आज्ञा आणि पुरावा यांतला हा फरक सर्व्हरच्या पंख्याच्या चार तारांत शेजारीशेजारी भेटतो. पहिली जमीन, दुसरी १२ व्होल्ट. चौथीवरून बोर्ड पंख्याला किती वेगाने फिरायचं ते सांगतो, साधारण २५ किलोहर्ट्झच्या स्पंदांच्या रुंदीतून. ती आज्ञा. तिसरीवरून पंखा स्वतः बोलतो: एका फेरीला दोन स्पंद. तो पुरावा. बोर्डावरचा देखरेखीचा चिप, म्हणजे बीएमसी, हे स्पंद मोजून वेग काढतो. सर्व्हर बंद असला तरी प्लग लावलेला असेपर्यंत हा चिप स्टँडबाय विजेवर जागा असतो. १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून आणलेल्या आयपीएमआय या पद्धतीने तो प्रत्येक सेन्सरचं मोजमाप ठेवतो आणि घडामोडींची नोंदवही लिहितो.

बोर्डावर पंख्याच्या जागा कमी पडल्या की बाजारातून ‘वाय’ केबल आणली जाते. एका जागेवर दोन पंखे. चांगल्या वाय केबलमध्ये तिसरी तार एकाच पंख्याची आलेली असते, कारण दोघांचे स्पंद एकत्र आले तर मोजणी बिघडते. केबल बरोबर आहे, पण आता दुसऱ्या पंख्याला तोंड उरलेलं नाही. तो बंद पडला तर बोर्डाला पत्ता लागत नाही, लाल दिवा लागत नाही. म्हणून वाय केबल वापरणं भाग पडलंच तर माझा नियम ठरलेला आहे: तिसऱ्या तारेचा पंखा प्रोसेसरसमोरचा हवा, आणि कोणत्या पंख्याला पहारा नाही ते झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायचं.

पुष्कळांना छळणारा आणखी एक प्रसंग आहे. मूळ पंखे कर्कश वाटतात, म्हणून मालक शांत, संथ पंखे आणतो. ते मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घेतात. बोर्डाच्या मर्यादेनुसार एवढा कमी वेग म्हणजे पंखा मेला. तो घाबरून सगळे पंखे पूर्ण वेगात सोडतो. वेग वाढला की त्याचं समाधान होतं, पंखे पुन्हा मंदावतात, पुन्हा घबराट. खोलीत तो चढउतार तासन्‌तास ऐकू येतो. यावर झटपट उपाय म्हणजे आयपीएमआयटूल या आज्ञावलीने खालची मर्यादा शून्यावर नेणं. लगेच शांतता होते. पण मग पंखा खरोखर थांबला तरी बोर्डाच्या लेखी सगळं ठीकच. नव्या पंख्याचा सगळ्यात कमी वेग मोजायचा आणि मर्यादा त्याच्या थोडी खाली ठेवायची, हे त्याच आज्ञावलीने, तेवढ्याच वेळात होतं. पहिल्यात पहारेकऱ्याचे डोळे बांधले जातात, दुसऱ्यात त्याला नव्या माणसाची ओळख करून दिली जाते. गिऱ्हाईकाच्या कानाला दोन्ही सारखेच लागतात, म्हणून निवड करणाऱ्याची जबाबदारी वाढते.

तापमानाच्या सेन्सरबाबतही हेच. आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर बऱ्याच सर्व्हरमध्ये फ्रंट पॅनलच्या पट्टीवर असतो आणि दोन तारांच्या आयटूसी जोडणीवरून बीएमसीशी बोलतो. ‘ॲशरे’ ही अमेरिकी संस्था येणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस सुचवते. हा आकडा हवेचा आहे, पत्र्याचा नाही. सेन्सर डिस्कच्या पिंजऱ्याला चिकटवला तर तो डिस्कचं तापमान सांगतो, आणि पंखे विनाकारण ओरडत राहतात. त्याला हवेच्या वाटेत, पत्र्यापासून सुटा धरणारी एक छोटी पकड करून द्यावी लागते. तारांचा गुंताही आवरायचा. सुपरमायक्रोच्या मॅन्युअलमध्ये स्थिर लाल दिव्याचा अर्थ अति तापमान असा देऊन, केबलांची गर्दी हे त्याचं एक संभाव्य कारण म्हणून नोंदलेलं आहे. तोच दिवा सेकंदाला एकदा लुकलुकला तर पंखा गेला, चार सेकंदांतून एकदा लुकलुकला तर वीजपुरवठा.

सगळ्यात जपून जोडायचे दिवे डिस्कच्या खणांचे. डिस्कच्या डेटाच्या केबल वेगळ्या आणि दिव्यांना हुकूम नेणारी एसजीपीआयओची बारीक तार वेगळी, अशी रचना असेल, तर दोन्हींचा क्रम जुळलाच पाहिजे. डेटाच्या दोन केबल अदलाबदल झाल्या तरी संगणक सुरळीत चालतो. मग एक दिवस पाच डिस्कच्या रेड-५ मधली एक डिस्क जाते, तिसऱ्या खणाचा दिवा लागतो, माणूस तिसरी डिस्क ओढून काढतो. मेलेली डिस्क चौथ्या खणात होती. निघाली ती जिवंत होती, आणि रेड-५ एकाच डिस्कची गैरहजेरी सोसतं. म्हणून जोडणी झाल्यावर मी एकेका डिस्कचा शोधदिवा लावतो (तो सेकंदाला चार वेळा लुकलुकतो), तो खण बाहेर काढतो आणि डिस्कवर छापलेला अनुक्रमांक पडद्यावरच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहतो. सगळ्या खणांसाठी. यंत्रात अजून कोणाचाही डेटा नसतो, तीच याची वेळ.

त्या मुलाला मी म्हणतो, “थांब, आता एकेक गोष्ट बिघडवून पाहू.” एक पंखा हाताने सोडवतो. लाल लुकलुकायला हवा. दोन वीजपुरवठ्यांपैकी एकाचा प्लग काढतो. लाल लुकलुकायला हवा, पण संथ. ओळखदिव्याचं बटण दाबतो, पुढचा आणि मागचा दोन्ही निळे लागायला हवेत. झाकण उघडल्याची नोंद वहीत उमटली का ते पाहतो. जो दिवा आपल्या कारणासाठी लागताना डोळ्यांनी दिसला, तोच जोडला गेला असं धरायचं. या तपासणीला थोडाच वेळ लागतो, पण बिलात तिची ओळ नसते, म्हणून ती टाळली जाते. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला ही तपासणी मी आधी शिकवतो आणि क्रिम्पिंग नंतर.

कधीकधी एखाद्या दिव्याला खरी तार देता येतच नाही. कॅबिनेटवर वीजपुरवठ्याच्या बिघाडाचा लाल दिवा असतो आणि आत एकच साधा वीजपुरवठा, ज्याला कळवण्याची सोयच नाही. तो दिवा सुटा सोडून देणं सोपं आहे. मी तो काढून घेतो आणि भोकाला रबराचं बूच मारतो. पॅनलवर विझलेला लाल दिवा दिसला की रात्रपाळीचा माणूस ‘ठीक आहे’ असं वाचणार, आणि ते वाक्य खरं आहे याची हमी मला देता येत नसेल, तर ते मी त्याच्यासमोर लिहून ठेवता कामा नये.