आईचे पथ्य आणि आमसुलाचे सार

माझ्या आईला ८२व्या वर्षी न्यूमोनिया झाला. अँटिबायोटिक्सचे दोन कोर्स झाले, ती बरी झाली आणि घरी आल्यावर मी पथ्य ठरवले: मऊ भात, दूध, बिस्किटे, उकडलेला बटाटा. आंबट-तुरट बंद. दोन महिन्यांत तिची भूक गेली, पोट साफ होईना, वजन चार किलोंनी उतरले. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, सगळे नॉर्मल. मी रेचकाचा डोस वाढवत राहिलो. शेवटी तीच म्हणाली, "अरे, आमसुलाचं सार तरी करायला सांग. किती दिवस हे आजाऱ्याचं जेवण?"

हेच पथ्य मी तुमच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनाही सांगितले आहे. म्हणून हा लेख.

रातांबा फोडला की हाताला लागणारा लाल-जांभळा रंग, जांभूळ खाल्ल्यावर जिभेला बसणारी मिठी, आवळ्याचा तुरटपणा, यामागे वनस्पतींमधली पॉलिफेनॉल नावाची द्रव्ये असतात. लहान आतड्यात ती फार थोडी शोषली जातात. बरीचशी तशीच मोठ्या आतड्यात पोहोचतात. तिथले जिवाणू ती फोडतात आणि त्यातून तयार झालेले लहान घटक रक्तात जातात. बदल्यात काही उपयोगी जिवाणूंची वाढ होते. सोबत चोथा असेल तर हे जिवाणू ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात.

वय वाढते तसे या जिवाणूंचे प्रकार कमी होत जातात, असे आपण सरसकट म्हणतो. पण दोष एकट्या वयाचा नाही. आयर्लंडमधल्या संशोधकांनी २०१२ साली १७८ वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या घरी राहून चौरस जेवणाऱ्यांच्या पोटात जिवाणूंचे प्रकार जास्त होते. दीर्घकाळ संस्थेत राहून तेच ते खाणाऱ्यांच्या पोटात कमी होते आणि त्यांच्यात अशक्तपणाही जास्त होता. आधी काय आणि नंतर काय, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. इटलीत मात्र साठीच्या पुढच्या लोकांना आठ आठवडे पॉलिफेनॉलयुक्त पदार्थ देऊन पाहिले. आतड्याचे अस्तर सैल झाल्याची रक्तातली एक खूण त्यांच्यात कमी झाली. गट लहान होता, आणि पदार्थ डाळिंबाचा रस, ग्रीन टी, डार्क चॉकलेट असे होते, कोकम नव्हे. तरी दिशा कळते.

आता आपल्याकडे बघा. मुले मुंबईला, घरात दोघेच म्हातारे, त्यात कवळी. स्वयंपाकाचा कंटाळा, मग संध्याकाळी चहा-बटर. आणि कोणी हौसेने नाचणी दिलीच तर तिचे सत्त्व! नाचणीतली पॉलिफेनॉल मुख्यतः तिच्या सालीत असतात. सत्त्व करताना आपण नेमकी तीच गाळून टाकतो. त्यापेक्षा अख्ख्या पिठाची आंबील बरी. ती कवळीवाल्यालाही जमते.

आईला आम्ही कुळथाची पिठी, आमसुलाचे सार, आंबील, मऊ शिजवलेली पालेभाजी सुरू केली, एकेक करून, थोडे थोडे. तीन आठवड्यांत रेचक बंद झाले. श्रेय एकट्या आमसुलाला देणार नाही. ती हिंडू-फिरू लागली होती आणि अँटिबायोटिक्सलाही बरेच दिवस लोटले होते.

पण सरसकट कोणी काही सुरू करू नका. कोकम सरबतात साखर भरपूर, आगळात मीठ. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आमसूल भिजवून बिनसाखरेचे सार करा, वरून मीठ बेताचेच. चहा आणि नाचणीतली टॅनिन लोह शोषू देत नाहीत, म्हणून हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणाला लागून चहा नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारा. वजन आपोआप उतरत असेल तर आधी तपासणी, मग आहार.

आणि 'गार्सिनिया'च्या वजन घटवण्याच्या कॅप्सूल म्हणजे आपले सार नव्हे. त्या प्रकारच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. घेत असाल तर पुढच्या वेळी येताना बाटली सोबत आणा.