खांद्याच्या मापाची बंदूक

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार जवळ आला की मॅडिसनचा रंग बदलतो. एरवी हे विद्यापीठाचं आणि राज्याच्या विधिमंडळाचं शहर, मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं. पण नोव्हेंबर अर्धा सरला की पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात, ऑफिसच्या पार्किंगमध्ये भडक नारिंगी जाकिटं दिसू लागतात. विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणाच्या शिकारीचा मुख्य हंगाम त्या शनिवारी उघडतो आणि नऊ दिवस चालतो. त्यासाठी परवाना काढणारी माणसं लाखांनी मोजावी लागतात. झाडीतला माणूस हरीण समजून मारला जाऊ नये, म्हणून कमरेच्या वरचे निम्मे कपडे नारिंगी असावेत असा कायदा आहे. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो.

इथे वाढणारी आपली मुलं शाळेत हेच ऐकत मोठी होतात. आमची मुलगी चौदा वर्षांची आहे. तिच्या मैत्रिणी आजोबा-मामांबरोबर शिकारीला जातात आणि आता तिलाही जायचं आहे. ओळखीच्या इतर मराठी घरांतही हा हट्ट सुरू झाला आहे, आणि दोन प्रश्न मला सारखे विचारले जातात: पहिली रायफल कोणती घ्यावी, आणि खर्च किती करावा? आमचे शेजारी निवृत्त शिक्षक आहेत, हयातभर शिकार केलेले. त्यांच्याकडून मी आणि मुलगी गेले काही महिने शिकतो आहोत. त्यातून माझं जे मत बनलं, ते इथे मांडते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकरी घरात वाढले. रोही आणि रानडुकरं पिकात शिरतात म्हणून रात्र-रात्र मचाणावर जागल करणारी माणसं मी पाहिली आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार थांबली, आणि जंगलाची तेव्हाची अवस्था पाहता ते गरजेचंच होतं. म्हणून नातीने बंदूक धरायची म्हटल्यावर माझ्या आईने फोनवर विचारलं, ‘पोरीच्या हाती कशाला देता गं असलं काही?’ हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये हरणांना आवर घालणारे लांडगे फारसे उरले नाहीत, मक्याची आणि सोयाबीनची शेतं मात्र अफाट आहेत. हरणं वाढतात, पिकं खातात, गाड्यांवर आदळतात. कुठल्या भागात किती माद्या मारू द्यायच्या हे राज्य दरवर्षी ठरवतं. शिवाय १९३७च्या केंद्रीय कायद्यानुसार रायफल आणि काडतुसांच्या विक्रीवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामी लागतो. ही शिकार व्यवस्थापनाचा भाग आहे, हे पटल्यावरच आम्ही पुढे गेलो.

बंदुकीआधी कागदपत्रं. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला इथे शिकारीचं शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. तो नसेल तर अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच शिकार करता येते. हा वर्ग आईबापांनीही मुलाबरोबर करावा. त्यात चार नियम घोटून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवा, सावज कोणतं आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा, बार काढायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर ठेवा. दुसरी गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. वैध शिकार-परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे मित्राची रायफल रेंजवर हातात घेण्याआधीसुद्धा परवाना काढलेला असावा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. दुकानातून रायफल घ्यायला १८ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे खरेदी आईबापांच्या नावावर होते. फॉर्म भरायचा, पूर्वइतिहासाची तपासणी होऊ द्यायची, आणि मग ती मुलासाठी घरी आणायची.

आता रायफल. पहिली कसोटी मापाची. आपण मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतो, बंदुकीच्या बाबतीत ती काटकसर घातक ठरते. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोठ्या माणसाच्या रायफलीत साडेतेरा इंचांच्या आसपास असतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ते लांब पडतं. मग तो मान पुढे काढतो, पाठीतून मागे झुकतो, आणि नेम धरण्याआधीच त्याचा तोल गेलेला असतो. दुकानात सोपी परीक्षा घेता येते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं. बोटाचं पहिलं पेर चापावर सहज पोचलं पाहिजे. रुगर अमेरिकन आणि सॅव्हेज अॅक्सिस या दोन्ही स्वस्त रायफलींची साडेबारा इंचांच्या आसपासची छोटी आवृत्ती मिळते. मॉसबर्ग पेट्रियटच्या मुलांसाठीच्या मॉडेलमध्ये दस्त्यात काढता-घालता येणारा तुकडा असतो. मूल वाढलं की तो बसवायचा, नवी बंदूक लागत नाही. मुलाचा कोणता डोळा प्रबळ आहे तेही आधी पाहावं. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ असेल, तर डावखुरी रायफल घ्यायची की नाही, याचा विचार सुरुवातीलाच करावा.

दुसरी कसोटी काडतुसाची, आणि आईबाप इथेच मोठ्याकडे झुकतात. शिकारी घरांत .३०-०६ची थोरवी फार. हे काडतूस १९०६ सालचं, दोन महायुद्धांत वापरलं गेलेलं. पण त्याचा खांद्याला बसणारा धक्का .२४३ विंचेस्टरच्या जवळजवळ दुप्पट आहे. .२४३ हे १९५५ सालचं. १९५२च्या .३०८ काडतुसाचं तोंड अरुंद करून ते बनवलं. ९० ते १०० ग्रेनच्या चांगल्या गोळीने ते पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुरेसं आहे. थोडा जास्त जोर हवा असेल तर ७ एमएम-०८ रेमिंग्टन आहे. तेही .३०८च्याच घराण्यातलं, धक्का मध्यम. ६.५ क्रीडमूर २००७ साली आलं, आणि त्याची काडतुसं आता बहुतेक दुकानांत मिळतात. या तिघांपैकी गावातल्या दुकानात ज्याची काडतुसं सहज आणि परवडणाऱ्या भावात मिळतील, ते घ्यावं. हंगामाच्या तोंडावर काडतूसच नाही म्हणून सराव बंद पडला, तर बंदूक कितीही उत्तम असो, तिचा उपयोग नाही.

धक्क्याचा एवढा बाऊ का? कारण जोराचा धक्का खाल्लेलं मूल पुढच्या वेळी चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतं आणि खांदा आखडतो. गोळी चार बोटं मागे जाते, आणि हरणाच्या बाबतीत चार बोटांत सगळं येतं. पुढच्या पायामागे, छातीत, फुप्फुसावर लागलेल्या गोळीने हरीण बहुधा थोड्या अंतरात पडतं. पोटात लागलेल्या गोळीने ते तासन्‌तास तडफडतं. बंदुकीचा जोर ही चूक भरून काढत नाही. सौम्य बंदूक मुलाला सोपी पडते, आणि जनावरावरही त्यातच दया आहे.

तिसरी कसोटी रचनेची. पहिली रायफल बोल्टची असावी. बोल्ट मागे ओढला की नळीमागचं घर उघडं पडतं आणि बंदूक रिकामी आहे हे शेजारच्या माणसालाही दिसतं. विस्कॉन्सिनच्या घराघरांत आजोबांची विंचेस्टर ९४ असते, खटका खाली-वर करून भरायची. ती सुंदर आहे आणि जंगलातल्या जवळच्या अंतराला आजही चालते. पण जुन्या ९४मधली काडतुसं काढायची तर एकेक करून घरातून फिरवावी लागतात, आणि उघडा घोडा हाताने हळूच खाली घ्यावा लागतो. गार पडलेल्या लहान हातांना हे काम मी देणार नाही. एका बाराच्या साध्या रायफली स्वस्त आणि सुरक्षित असतात, पण त्यांतल्या बऱ्याच वजनाला हलक्या असल्याने तेच काडतूस त्यांतून जास्त धक्का देतं.

किमतीचं सांगायचं तर, वर नाव घेतलेल्या रायफली साधारण ४०० ते ६०० डॉलरांत येतात. प्लॅस्टिकचा दस्ता, साधं पॉलिश, आणि नेम मात्र मुलाला लागेल त्याहून अधिक अचूक. दीड हजाराची रायफल घेतली तर तो फरक चौदा वर्षांच्या हातांत उतरत नाही. वर दुर्बीण लागते. ३ ते ९ पट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर काचेची साधी दुर्बीण १५० ते २०० डॉलरांत मिळते. मॅडिसनच्या पश्चिमेला बार्नेव्हेल्डमध्ये व्होर्टेक्स या दुर्बिणींच्या कंपनीचं मुख्य ठाणं आहे, आणि इथे बऱ्याच बंदुकींवर तिचंच नाव दिसतं. दुर्बीण मुलाच्या मानेच्या ठेवणीप्रमाणे पुढे-मागे करून बसवून घ्यावी. डोळा फार जवळ राहिला तर धक्क्याने तिची कडा भुवईवर बसते, आणि ती भीती मनातून लवकर जात नाही.

वाचलेला पैसा सरावाला लावावा. खरी शिकवणी .२२ रिमफायरवर होते. तिचा धक्का जवळजवळ जाणवत नाही आणि काडतूस काही सेंटांचं असतं. हरणावर ती इथे कायद्याने चालत नाही. श्वास, चाप आणि नेम मात्र तिच्यावरच बसतो. .२४३च्या वीस काडतुसांच्या डब्याला तीस ते पन्नास डॉलर पडतात, म्हणून ती जपून वापरायची: आधी दुर्बीण शंभर यार्डांवर जुळवून घ्यायला, मग जंगलात बसतात तसं बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून. आमच्या शेजाऱ्यांची कसोटी मला फार पटते. आठ-नऊ इंचांची कागदी ताटली लावायची. ज्या अंतरावरून मुलाची प्रत्येक गोळी ताटलीत जाते, ते त्याचं शिकारीचं अंतर. ते साठ यार्ड असेल तर साठ. सत्तर यार्डांवरचं हरीण कितीही मोठ्या शिंगांचं असो, ते त्याचं नाही. कानांवर चांगलं संरक्षण पहिल्या दिवसापासून हवं. आखूड नळीच्या रायफलीचा आवाज अधिक कर्कश असतो, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

कुलपाच्या कपाटाचा खर्च मी बंदुकीच्या किमतीतच धरते. चौदाच्या आतल्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणाऱ्याला इथे शिक्षा होऊ शकते. पण कायद्याने घातलेली ही मर्यादा मला पुरेशी वाटत नाही. किशोरवय हे टोकाच्या भावनांचं वय आहे. परीक्षेतलं अपयश, मैत्रीतला तडा, एखादी वाईट रात्र, आणि हाताशी बंदूक, हा मेळ कोणत्याच घरात जमू देऊ नये. रायफल पोलादी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या आईबापांकडे. ‘माझं मूल समजूतदार आहे’ हे खरं असलं तरी कुलूप लागतंच. घरात कुणी निराशेतून जात असेल, तर तो काळ सरेपर्यंत बंदूक घराबाहेर, विश्वासू आणि कायद्याने पात्र माणसाकडे ठेवावी.

मारलेलं हरीण म्हणजे घरचं मांस, आणि त्याचंही शिक्षण असतं. विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या मेंदूचा सीडब्ल्यूडी हा प्राणघातक रोग २००२ साली मॅडिसनजवळच्या माउंट होरेब भागात सापडला. राज्य त्याची तपासणी फुकट करून देतं. निकाल येईपर्यंत मांस खायचं नाही, हा नियम मुलाला पहिल्या हंगामातच लागावा. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात पसरतात, आणि टाकून दिलेल्या आतड्यांतून गरुडांच्या पोटात जातात. तांब्याची गोळी थोडी महाग असली तरी हरणासाठी तीच घ्यावी.

या शहरात आल्डो लिओपोल्ड यांचं नाव मोठं आहे. १९३३ साली ते इथल्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले. त्यांचं ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ साली आलं. त्यात त्यांनी आपल्या पहिल्या बंदुकीची आठवण लिहिली आहे. वडिलांनी बंदूक देतानाच अट घातली होती की झाडावर बसलेला पक्षी मारायचा नाही, उडत्यावरच नेम धरायचा. बसलेला पक्षी हमखास मिळाला असता. तो सोडून देणं हाच आपला नीतीचा पहिला धडा होता, असं ते सांगतात. बंदुकीबरोबर वडिलांनी एक मर्यादाही दिली, आणि पुढे हरणांची संख्या आवरण्यासाठी माद्याही मारू द्याव्यात, असं लोकांच्या रोषाला न जुमानता सांगणारा शास्त्रज्ञ त्याच मुलातून घडला. साठ यार्डांची ताटली मुलाला हीच मर्यादा शिकवते.

म्हणून विचारणाऱ्यांना माझा सल्ला असा: रायफल नोव्हेंबरमध्ये, दुकानातली गर्दी बघून घेऊ नका. हिवाळ्यात वर्ग करा, वसंतात .२२वर हात बसवा, उन्हाळ्यात मापाची रायफल आणा. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ऑक्टोबरमध्ये दोन दिवसांचा वेगळा हंगाम असतो. तेव्हा रानात गर्दी कमी, थंडी सोसवणारी आणि मोठं माणूस सोबत असतंच, म्हणून सुरुवात तिथून करा. चौदा वर्षांच्या मुलाने दाखला मिळवला असेल तर नोव्हेंबरमध्ये कायदा त्याला एकट्याने जाऊ देतो. आमच्या घरात ती मुभा नाही. आणि ऑक्टोबरपर्यंत मूल तयार वाटलं नाही, तर एक हंगाम जाऊ द्या. सराव चालू राहील, आणि हंगामाची तारीख आली म्हणजे आपण तयार झालो असं होत नाही, हे त्याला कळेल. महागड्या बंदुकीपेक्षा ही समज त्याच्या जास्त कामी येईल.