कोटेशनमधून कापलेलं गेज

संपादकांचा फोन आला तेव्हा मी शिक्रापूरच्या चाकण चौकात अडकलो होतो. पुढे रांजणगावला निघालेले कंटेनर, मागे उसाचा ट्रॅक्टर, आणि फोनवर संपादक म्हणतायत, "विक्रीकलेवर लिहा. नव्या पोरांना चार टिप्स द्या." मी हो म्हटलं. सिग्नल सुटेपर्यंत माणूस कशालाही हो म्हणतो.

मी ठिबक सिंचन विकतो. शिरूर आणि दौंड हे माझे दोन तालुके, वर्षं 22. विक्रीवाला म्हणजे गोडबोल्या, असा लोकांचा पक्का समज. बोलणाऱ्याच्या एरंड्याही खपतात, ही म्हण मला प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी ऐकवतोच. पण बोलून फार तर पहिली ऑर्डर मिळते. दुसरी त्याच्या भावकीतून येते, आणि भावकी तुमचं बोलणं ऐकत नाही, पीक बघते.

टिप्स लिहायला बसलो आणि दौंडचे एक तात्या आठवले. भीमेकाठी अडीच एकर ऊस. मागच्या वर्षी मार्चमध्ये संच दिला. यंदा मेमध्ये फोन आला, "तुमचं ठिबक गुंडाळून ठेवलंय. पाटानं पाणी देतोय." गेलो. तात्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "साहेब, ठिबकनं पाणी वाचतं म्हणाला होतात. वाचलं की! शेवटच्या सऱ्यांना पोचलंच नाही."

आता थोडं गणित. संपादक हे कापतील, तरी लिहितो, कारण आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं भांडण याच्यावर आहे: ठिबक किती वेळ चालवायचं? पाच फुटी सरी आणि 40 सेंटीमीटरवर ड्रिपर धरला, तर एकरी साधारण 6,700 ड्रिपर बसतात. एक ड्रिपर तासाला चार लिटर टाकतो. म्हणजे एकराला तासाला जवळजवळ 27 हजार लिटर. एकरभर रानात एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. भर उन्हाळ्यात मोठ्या उसाला रोज सहा-सात मिलिमीटर लागतं. मग हिशेब काय आला? एक एकर, एक तास. बस.

हे सांगितलं की शेतकरी हसतो. वाफा तुडुंब भरल्याशिवाय रान भिजलं असं त्याच्या डोळ्याला वाटतच नाही. त्यात वीज कधी दिवसा, कधी रात्री. मग रात्री मोटर सुरू करून तो झोपतो आणि उजाडल्यावर बंद करतो. खत मुळाच्या खाली निघून जातं, ऊस पिवळा पडतो आणि शिव्या ठिबकला. काही विक्रेतेही म्हणतात, शेतकऱ्याला आकडे सांगू नका, घाबरतो. हे मला मुळीच पटत नाही. कारखान्याच्या काट्यावर किलोकिलोचा हिशेब ठेवणारा माणूस तासाच्या हिशेबाला कसा घाबरेल? सांगणाऱ्यालाच गणित येत नाही, हे खरं कारण.

पण तात्यांच्या रानात चूक वेगळी होती. मी ड्रिपरखाली छोटा खड्डा केला, औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं भांडं ठेवलं आणि मोबाईलवर तीन मिनिटं लावली. दाब नीट असेल तर 200 मिली भरायला हवं. पहिल्या सरीत 180 भरलं. शेवटच्या सरीत 40. फिल्टर उघडला तर जाळीवर नदीचा गाळ आणि शिंपल्यांचा चुरा, बोटभर थर. पाच एचपीची मोटर, आणि अडीच एकर एकाच व्हॉल्व्हवर. एवढं पाणी ती देणार कुठून? एकेक एकराला आळीपाळीने द्यायला हवं होतं.

"फिल्टर कधी धुता?" मी विचारलं.

"धुवायचा असतो?" तात्या म्हणाले.

फिल्टरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असं दाब दाखवणारं गेज असतं तर काट्यानेच सांगितलं असतं की फिल्टर तुंबलाय. ते का नव्हतं? कारण मार्च एंड होता, टार्गेट अडलं होतं आणि तात्यांनी भाव पाडून मागितला होता. मी कोटेशनमधून दोन्ही गेज आणि जादाचे व्हॉल्व्ह कापले. खाली सही माझीच आहे.

अनुदानाचं सांगायचं तर लहान शेतकऱ्याला 55 टक्के, बाकीच्यांना 45, वर राज्याची भर, मिळून मंजूर खर्चाच्या 80 आणि 75 टक्क्यांपर्यंत जातं. योजना चांगली आहे. तिने आम्हा विक्रीवाल्यांना मात्र आळशी केलं. आम्ही ठिबक विकायचं सोडून अनुदान विकायला लागलो. कागद पूर्ण झाले, रानातला फोटो पोर्टलवर चढला की आमचं काम संपलं.

कंपनीची ट्रेनिंग वर्षातून दोनदा एसी हॉलमध्ये होतात. ग्राहकाला शहाणा करून माल विकावा, असं तिथे परदेशी उदाहरणांनी शिकवतात, तेव्हा मला हसू येतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढलं. ते गिऱ्हाइकाशी बोलायचं कारखान्याचं पत्रक होतं आणि त्याचंच पुढे मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं. आणखी जवळचं हवं तर पाबळला जा. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये तिथे विज्ञान आश्रम उभा केला. हाताने काम करता करता शिकायचं, ही तिथली पद्धत. आमच्या हॉलपासून ते तासाभरावर आहे. आजवर एकही बॅच तिकडे नेलेली मला आठवत नाही.

मी स्वतः शिकलो ते एका फिटरकडून. अण्णा म्हणायचो त्यांना. शाळा चौथी. ते नळीला नुसता हात लावून दाब सांगायचे, आणि मग गेज लावून मला खात्री करायला लावायचे. "हाताचा भरवसा माझा मला. तुला काटाच लागणार," म्हणायचे. हल्ली नव्या पोरांच्या मोबाईलमध्ये हजेरीचं ॲप असतं, लीडचं ॲप असतं, कुठे किती वेळ थांबला हेही साहेबांना दिसतं. ॲप वाईट नाही. मीही वापरतो, फॉलो-अप विसरत नाही. पण मी विकलेल्या संचाच्या शेवटच्या सरीत पाणी पोचलं का, हा रकाना त्यात नाही. म्हणून माझ्या डिकीत एक गेज, ते मापाचं भांडं आणि जुना टूथब्रश असतो. ब्रश फिल्टरच्या जाळीसाठी. हवी तर हीच टीप समजा.

तात्यांच्या रानात दोन जादा व्हॉल्व्ह आणि गेज मी माझ्या पैशांनी बसवले. कंपनीला कळवलं नाही, आता कळेल. तात्या आता मोटर घड्याळ लावून चालवतात. बोलतात मात्र कमी, आणि भावकीतून अजून ऑर्डर आलेली नाही.

त्या मार्चमधली माझी सगळी कोटेशनं काढून पाहिली. 11 ठिकाणी गेज कापलेलं होतं. सात ठिकाणी जाऊन आलो. चार राहिलीत, त्यातली तीन दौंडकडची. पाडवा झाला की निघतो.