रंग कोणासाठीं?

संगणकाच्या आज्ञावल्या इतरांस समजावून देणाऱ्या पुस्तिका लिहिणें, हा माझा व्यवसाय. अशा पुस्तिकांत आज्ञेचे ठराविक शब्द एका रंगांत, अवतरणांतील मजकूर दुसऱ्या, आणि लिहिणारानें वाचणारासाठीं केलेल्या टिपा तिसऱ्या रंगांत छापतात. रचना डोळ्यांस चटकन् उमगावी, एवढाच त्यांतील हेतु.

गेल्या पावसाळ्यांत केळव्यास घरीं गेलों असतां ओटीवर बसून मीं एका पुस्तिकेची रंगसंगति ठरविली. काळ्या पार्श्वभूमीवर वगळलेली ओळ तांबडी, नवी ओळ हिरवी आणि टिपा अंधुक करड्या! मोठ्या हौसेनें ती बाबांस दाखविली. चष्मा सांवरून ते म्हणाले, "दोन्ही ओळी मला सारख्याच दिसतात रे. आणि ह्या टिपा तर वाचवतच नाहींत."

मी चपापलों. लहानपणीं वाडींतून मिरच्या तोडून आणतांना बाबांच्या टोपलींत हिरव्या-तांबड्यांची सरमिसळ होई, आणि आम्ही भावंडें त्यांस हंसत असूं. त्यांनीं कधीं खुलासा केला नाहीं.

तांबडें-हिरवें वेगळें न दिसणारे डोळे कांहीं विरळा नाहींत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारें १२ पैकीं एकाचे तसे असतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या २००८ सालच्या नियमावलींत स्पष्ट सांगितलें आहे, कीं साधारण आकाराचें अक्षर आणि त्याची पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान ४.५ : १ असावें, आणि अर्थ केवळ रंगावर सोंपवूं नये. हे नियम मला तोंडपाठ होते. परंतु ज्यांच्यासाठीं ते केले, ते घरांतच बसले आहेत हें ठाऊक नव्हतें!

बाबांनीं देवघरांतील हस्तलिखित पोथी पुढें ठेविली. मजकूर काळा, श्लोकांक तांबडे. "हें तांबडें मला फारसें वेगळें भासत नाहीं," ते म्हणाले, "पण दोन दंड आले कीं श्लोक संपला, हें कळतें."

त्याच रात्रीं मीं वगळलेल्या ओळीमागें वजाचें आणि नव्या ओळीमागें अधिकाचें चिन्ह घातलें, आज्ञेचे शब्द ठळक केले आणि टिपा उजळ केल्या. माणसानें माणसाशीं बोलावें असें त्या पानावर तेवढेंच तर असतें! दुसऱ्या दिवशीं बाबांनीं सारें पान न अडखळतां वाचलें.

हा वारसा बहुधा लेकीच्या मार्गें नातवाकडे जातो. दिवाळींत बहिणीच्या मुलानें चित्रांतील झाडाचें खोड हिरवें आणि पानें तपकिरी रंगविलीं. ह्या खेपेस कोणी हंसलें नाहीं. बाबांनीं त्याला जवळ घेतलें, आणि मीं त्याच्या प्रत्येक खडूवर रंगाचें नांव लिहून दिलें.