शिवण

सुभाष पंढरीनाथ गुप्ते. जन्म मुंबई, ११ डिसेंबर १९२९. लेगस्पिनर. कसोटी सामने ३६, बळी १४९.

लेगस्पिनर पहिली दोन बोटे चेंडूच्या शिवणीवर आडवी ठेवतो. चेंडू फिरतो तो तिसऱ्या बोटाने. गुप्त्यांकडे दोन गुगली होत्या. त्या खेळलेले फलंदाज आता थोडेच उरले आहेत.

डिसेंबर १९५४. ब्रेबॉर्न स्टेडियम. मुंबईकडून खेळताना गुप्त्यांनी ७८ धावांत दहाही बळी घेतले. एका डावात दहा बळी घेणारे ते पहिले भारतीय. ब्रेबॉर्नवर कसोट्या १९७३ पर्यंत नियमित झाल्या. पुढे वानखेडे बांधले गेले.

इंग्लंडमधल्या लँकेशायर लीगमध्ये ते रिश्टन क्लबकडून खेळले. क्लबला एक पगारी खेळाडू ठेवता येई. विजय हजारे रॉटनस्टॉलकडून खेळले, दत्तू फडकर नेल्सनकडून. ही सगळी गिरण्यांची गावे. आठवडाभर माग, शनिवारी सामना. बळी भरपूर मिळाले की प्रेक्षकांतून पेटी फिरे. तीत सुटी नाणी पडत.

त्या गावांतल्या गिरण्या बंद झाल्या.

इकडे मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे होती. ती बोटीने जात. महिन्याला मनीऑर्डर येई. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. बोटी थांबल्या. मनीऑर्डरही थांबल्या.

कानपूर, डिसेंबर १९५८. समोर वेस्ट इंडीज. खेळपट्टीवर तागाची मॅट, ताणून खिळे ठोकलेली. गुप्त्यांनी १०२ धावांत नऊ बळी घेतले. लान्स गिब्जचा झेल यष्टिरक्षकाच्या हातून सुटला. दहावा बळी वसंत रांजण्यांना मिळाला. पुढच्या वर्षी कानपूरला हिरवळीची खेळपट्टी आली. मॅट गुंडाळून ठेवली गेली.

दिल्ली, डिसेंबर १९६१. इंग्लंडविरुद्ध कसोटी. हॉटेलच्या एका खोलीत गुप्ते आणि एक सहकारी. सहकाऱ्याने स्वागतिकेला फोन केला. तिने तक्रार केली. दोघांनाही संघाबाहेर ठेवले गेले. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याच्या यादीत गुप्ते नव्हते. वय बत्तीस. त्यानंतर एकही कसोटी नाही.

ते वेस्ट इंडीजला गेले. त्रिनिदादला. पत्नी तिथली. १९५३ च्या दौऱ्यात भेटलेली. त्याच दौऱ्यात पाच कसोट्यांत २७ बळी मिळाले होते. घर तिथेच झाले.

मुंबईत दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले. गुप्त्यांची शेवटची कसोटी त्याआधी अकरा वर्षे झाली होती. घराघरांत त्यांची गोलंदाजी रेडिओवर ऐकली गेली. कसोटीत तेव्हा एक दिवस विश्रांतीचा असे. तो दिवसही राहिला नाही.

गॅरी सोबर्स म्हणत, आपण पाहिलेला सर्वांत चांगला लेगस्पिनर म्हणजे गुप्ते.

३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये ते वारले. धाकटे भाऊ बाळू, तेही कसोटी खेळलेले लेगस्पिनर, २००५ मध्ये गेले.

रत्नागिरीच्या कातळावर उन्हाळ्यात टेनिस बॉलचे सामने होतात. दिवे लावून रात्रीही. काही अंडरआर्म.

त्या चेंडूला शिवण नसते.